तळाच्या कुंपणाबाहेर काय येणार? पर्यावरण दाखल्याच्या कागदांमागचं आमचं दीड वर्ष

गोव्यातल्या आमच्या गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार, आहे आणि सड्यावर लष्करी तळ. तळाच्या ताब्यातला, पण इतकी वर्षं मोकळा पडलेला सड्याचा एक भाग निवासस्थानं, भांडारं आणि रस्ते यांसाठी वापरायचं ठरलं. त्याच्या पर्यावरणीय परिणामांची तपासणी झाली तेव्हा गावाच्या वतीने कागदपत्रं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत भूगोल शिकवते. वकिली किंवा सरकारी कामाचा अनुभव नव्हता, आणि कोणाकडे जायचं, काय मागायचं हे सांगणारं मराठीत काही हाताला लागलं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहून ठेवते आहे.

तळाचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळीचा विमानतळ १९६१ च्या मुक्तीनंतर नौदलाकडे आला आणि १९६४ मध्ये तिथे 'हंस' हा नौदलाचा हवाई तळ आला. वास्कोत 'गोमंतक' आहे, वेरेंला 'मांडवी' आहे, पणजी-बांबोळीकडे लष्कराचे तळ आहेत. कुंपणाला लागून राहणारी माणसं गोव्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापुढे हे प्रश्न आज ना उद्या येतील.

ऑक्टोबर २०२१ मध्ये, भाताची कापणी चालू असताना, कुंपणाच्या आत लाल रंग मारलेले खुंटे दिसू लागले. पाठोपाठ जमिनीत भोकं पाडायचं यंत्र आलं. माती-दगडाची चाचणी चालली आहे, एवढंच कळलं. वाड्यावर तर्क सुरू झाले. कोणी म्हणे दारूगोळ्याचं कोठार, कोणी म्हणे रडार. माझ्या सासऱ्यांना त्यात रस नव्हता. "आत काय बांधतात ते त्यांचं ते बघतील. आपल्या झरीला पाणी कुठून येतं, तेवढं तू बघ गो," ते म्हणाले. पुढच्या दीड वर्षात आम्ही जे काही लिहिलं-बोललो, त्याची दिशा या एका वाक्याने ठरली.

झर सड्याच्या पायथ्याशी आहे. सड्याचा माथा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा. वरून तो टणक आणि उघडाबोडका दिसतो, पण त्याला भेगा आहेत, खोलगट जागा आहेत. पावसाचं पाणी तिथे साचतं, मुरतं, खालच्या मऊ सच्छिद्र थरातून हळूहळू सरकतं आणि चिकणमातीच्या थरावर अडून पायथ्याशी बाहेर पडतं. आमची झर मे महिन्यापर्यंत वाहते. तिच्यावर दोन कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत, वाड्यावरच्या विहिरी आहेत. त्याखाली खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून राखलेली), बांध आणि मानस (पाण्याचं दार).

पहिलं काम एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या मालकी-वापराची नोंद, काढण्याचं. सर्व्हे नंबर माहीत असेल तर हा उतारा आणि नकाशा भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. वर्णनाचे रकाने नीट वाचावेत. जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड अशी जमिनीची प्रतवारी त्यात असते. सड्याचा तुकडा संरक्षण खात्याच्या नावावर, बराचसा पोटखराब्यात. त्याच्याच खालचे सर्व्हे नंबर खाजन. हे दोन्ही उतारे एकमेकांशेजारी ठेवले की वरच्या आणि खालच्या जमिनीचं नातं कोणालाही दाखवता येतं. आम्ही ते पुढे प्रत्येक अर्जाला जोडले.

मग कायदा वाचायला घेतला. १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए अधिसूचना, म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकनाची. एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर बांधकामाआधी पर्यावरण दाखला लागतो. १,५०,००० चौरस मीटरपर्यंतची बांधकामं एका वर्गात, त्यापुढची वसाहतीच्या वर्गात. आमचा प्रकल्प पहिल्या वर्गातला. त्याच अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट मिळालेल्या प्रकल्पांची यादी आहे. बांधकाम प्रकल्प त्या यादीत आहेत, आणि राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित प्रकल्पही आहेत. म्हणजे आमच्यासाठी दार दोन्हीकडून बंद. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. खाणीच्या सुनावण्या मी पाहिल्या होत्या. निदान उभं राहून बोलता तरी येतं. इथे तेही नव्हतं.

पण पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की सूट फक्त सुनावणीतून आहे, छाननीतून नाही. तेव्हा असा अर्ज राज्याच्या तज्ज्ञ मूल्यमापन समितीपुढे जात असे. समिती शिफारस करत असे आणि राज्याचं पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण दाखला देत असे. समितीच्या बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर टाकलं जातं. आणि समितीला लेखी निवेदन पाठवायला कोणाचीही आडकाठी नाही. सुनावणी नसलेल्या गावांनी धरून ठेवायचा धागा हाच.

डिसेंबरमध्ये माहिती अधिकाराचे अर्ज टाकले. शुल्क १० रुपये, प्रतींसाठी पानामागे २ रुपये. केंद्राच्या कार्यालयाला ऑनलाइन अर्ज करता येतो, पोस्टल ऑर्डर लावूनही करता येतो. प्रश्न लिहिताना आम्ही एक नियम पाळला: कुंपणाच्या आत काय आहे हे विचारायचं नाही, कुंपणाबाहेर काय येणार ते विचारायचं. पावसाचं पाणी किती आणि कुठल्या नाल्यात सोडणार? सांडपाण्यावर प्रक्रिया करून उरलेलं पाणी कुठे जाणार? पिण्याचं पाणी नळाचं की बोअरवेलचं? किती झाडं कापणार आणि त्याला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतली का? खोदलेली माती पावसाळ्यात कुठे ठेवणार?

तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं: कलम ८(१)(अ) खाली, सुरक्षेच्या कारणाने माहिती देता येत नाही. एका ओळीत सगळ्या प्रश्नांना तेच उत्तर. निराश व्हायला झालं. माझा धाकटा दीर दुसऱ्या खात्यात कारकून आहे, त्याने कलम १० दाखवलं. कागदाचा काही भाग गोपनीय असला तर तेवढा झाकून बाकीचा द्यावा, असं हे कलम सांगतं. पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करायचं असतं. त्यात आम्ही एवढंच लिहिलं की इमारतींचा आराखडा आम्हाला नको, तो झाका, पण कुंपणावरची गटारांची तोंडं दाखवणारा भाग द्या. फेब्रुवारीअखेर एक जाड पाकीट आलं. नकाशाचा बराच भाग काळा केलेला, पण कडेचे बाण शाबूत होते. पाच बाण बाहेर येत होते. त्यातले तीन आमच्या नाल्याकडे वळलेले होते. तो कागद मी सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि तिसऱ्या बाणावर बोट ठेवून कोणाच्या शेतात पाणी शिरेल त्याचं नाव सांगितलं.

एव्हाना 'परिवेश'वर मूळ अर्जही आला होता: फॉर्म वन आणि फॉर्म वन-ए. बांधकाम प्रकल्पांना सविस्तर ईआयए अहवाल लागत नाही, हाच फॉर्म वन-ए त्याची जागा घेतो. ज्यांना हा कागद पहिल्यांदा हाताळायचा आहे त्यांना सांगते, घाबरू नका. तो प्रश्नोत्तरांचा आहे. जमीन, पाणी, वनस्पती, प्राणी, हवा, दृश्य परिसर, सामाजिक-आर्थिक बाजू, बांधकाम साहित्य, ऊर्जा आणि शेवटी व्यवस्थापन आराखडा असे त्याचे भाग आहेत. पहिलाच प्रश्न जमिनीच्या वापराचा: सध्याचा वापर परिसराशी विसंगत होईल इतका बदलणार का? उत्तर होतं, नाही. पाण्याच्या भागात विचारलेलं असतं की जमिनीच्या वापरातल्या बदलाने वाहून जाणाऱ्या पाण्यावर, त्याच्या प्रमाणावर आणि गुणवत्तेवर, दीर्घकाळात काय परिणाम होईल आणि पूर किंवा पाणी तुंबण्याची अडचण वाढेल का. उत्तर: लक्षणीय परिणाम नाही. वनस्पतींच्या भागात: पडीक खडकाळ जमीन, विरळ गवत व झुडपं.

हे शेवटचं उत्तर मला फार लागलं. भरणाऱ्याने खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. पाहणीची तारीख एप्रिलची होती, आणि एप्रिलमध्ये सडा तसाच दिसतो. पाऊस पडून महिना झाला की त्याच कातळावर गेंद, कवला, सीतेची आसवं, तेरडा फुलतात. कीटक खाणारा दवबिंदू ओल्या कडांना लालसर चमकतो. टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते. चतुर्थीच्या माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मंडपीला) लागणारी कांगलां आणि कवंडळं ही रानफळं आमच्या घरांत सड्याच्या उतारावरूनच येतात. उपग्रहाच्या छायाचित्रावरून केलेल्या वर्गवारीत कातळसडे पडीक जमिनीत जातात आणि ते लेबल कागदावरून कागदावर उतरत राहतं. गोव्यात सड्यांवर येणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाच्या कागदात वनस्पतींची पाहणी कोणत्या महिन्यात झाली हे आधी बघावं. ती पावसाळ्याबाहेरची असेल तर निवेदनाचा पहिला मुद्दा तोच.

पाण्याच्या उत्तराला मात्र आकड्यांनीच उत्तर देणं भाग होतं. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होतं. शंभर मिलिमीटर म्हणजे आमच्याकडे जुलैतला एखादा जोराचा दिवस. वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हेक्टरी तीन कोटी लिटर. सड्यावरचं सगळंच पाणी मुरतं असं अजिबात नाही. उघड्या कातळावरून बरंचसं वाहूनच जातं, आणि हे आम्ही निवेदनात स्वतःहून लिहिलं. पण खोलगट जागांत ते थांबतं आणि सावकाश खाली येतं. तिथे काँक्रीट आणि डांबर आलं की तेच पाणी गटारातून तासाभरात नाल्यात पडणार.

नाल्यात पडलं तर पडलं, पुढे नदी आहेच, असं कोणालाही वाटेल. म्हणून मानशीची गोष्ट सांगायला हवी. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दारांचं तोंड. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दारं उघडतात आणि गोडं पाणी बाहेर जातं. भरती लागली की खाडीच्या पाण्याने तीच दारं आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात येत नाही. भरती चालू असेपर्यंत वरून येणारं सगळं पाणी खाजनात साठतं आणि ओहोटीची वाट बघतं. वरून पाणी हळू येत असेल तर शेत ते सोसतं. एकदम आलं आणि नेमकी भरती असली तर रोपं बुडतात, बांधावर दाब येतो, आणि एकदा बांध फुटला की खारं पाणी शिरून पुढच्या पिकांचीही वाट लागते. त्यामुळे आमचा प्रश्न वर्षभरात किती पाणी येणार हा नव्हता, भरतीच्या काही तासांत किती येणार हा होता. कुळसंघाचे (खाजन सांभाळणाऱ्या कुळांच्या संघाचे) अध्यक्ष हे शेतात उभं राहून दोन मिनिटांत समजावतात. मला ते कागदावर उतरवायला आठवडा लागला.

त्याच वेळी आम्ही मोजायला सुरुवात केली. दर रविवारी वाड्यावरच्या सहा विहिरींची पाणीपातळी. दोरीला वजन बांधून, काठावर रंगाने खूण करून, त्याच खुणेपासून. झरीखाली बादली धरून ती भरायला किती सेकंद लागतात तेही लिहायचं. माझ्या नववीच्या मुलांनी ही वही सांभाळली. हे काम कुणालाही जमेल आणि याला खर्च नाही. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याची सही मात्र हवी. प्रकल्पाआधीची अशी वही नसेल तर पुढे विहीर आटली तरी ती कशामुळे आटली हे सांगता येत नाही.

ग्रामसभा एप्रिल २०२२ च्या एका रविवारी झाली. मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच होती. तळाविषयी राग असलेली माणसं गावात आहेत. घरावर मजला चढवायचा तरी तळाचा ना-हरकत दाखला लागतो, आणि तो वेळेवर मिळत नाही ही जुनी तक्रार. दुसरीकडे तळावर नोकरी करणारी कुटुंबं आहेत, निवृत्त झालेले सैनिक आहेत. ठरावाचा मसुदा वाचायला सुरुवात केली तोच एक निवृत्त नौसैनिक उठले. "देशाच्या कामात गाव आडवं येतंय असं उद्या पेपरात छापून आलं, तर मी कुठे तोंड दाखवू?" त्यांचा आवाज कापत होता. सभा एकदम गप्प झाली. मला बोलायला शब्द सुचेनात. शेवटी मी त्यांच्या हातात नकाशा दिला आणि म्हटलं, "काका, यातलं कुठलं वाक्य देशाच्या विरोधात जातं ते सांगा, मी आत्ता खोडते."

त्यांनी दोन वाक्यं खोडली. 'प्रकल्प रद्द करावा' हे एक, आणि तळाच्या जुन्या वागणुकीवरचं दुसरं. त्याऐवजी त्यांनीच एक वाक्य सांगितलं: तळाच्या गरजेला गावाचा विरोध नाही, जमिनीच्या वापरातल्या बदलामुळे कुंपणाबाहेर जाणारं पाणी, माती, सांडपाणी आणि आवाज यांचं मोजमाप व नियोजन व्हावं, एवढी मागणी आहे. काही तरुणांना हे मवाळ वाटलं आणि सभेत बरीच चकमक झाली. पण ठराव झाला. ठरावाची पंचायतीच्या शिक्क्याची साक्षांकित प्रत लगेच मागून घ्या. आमची मिळायला तीन आठवडे गेले, आणि समितीची पुढची बैठक तोवर जवळ आली होती.

निवेदन सहा पानांचं झालं. मुद्दे पाच, प्रत्येक मुद्द्याखाली त्यांच्याच अर्जातलं उत्तर, मग आमचा पुरावा, मग नेमकी मागणी. पावसाळ्यात वनस्पती-प्राण्यांची फेरपाहणी. भरतीच्या वेळेचा हिशेब धरून पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा. सड्यावरच्या खोलगट जागा बांधकामातून वगळणं. पाऊस सुरू होण्याआधी गाळ अडवायची सोय. विहिरी आणि झर यांची नियमित मोजणी. सोबत उतारे, ठराव, विहिरींची वही, झरीचे तारखेनिशी फोटो, आणि खाजन जमिनींसंबंधीचा २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतला भाग. त्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण दिलेलं आहे, हे समितीपुढे ठेवलेलं बरं. तळाच्या आतला एकही फोटो आम्ही लावला नाही, कुंपणावरून कोणाला काढूही दिला नाही. ही गोष्ट मुलांना वारंवार बजावावी लागली. ड्रोनचं नावसुद्धा काढू नका.

पणजीला जाऊन निवेदन हातोहात दिलं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. तोच मजकूर ईमेलनेही पाठवला. शिक्क्याची प्रत नसेल तर निवेदन मिळालंच नाही असं म्हटलं जाण्याची शक्यता असते. एकूण खर्च झेरॉक्स, रंगीत नकाशे, पोस्ट आणि येणं-जाणं धरून पाच-सहा हजार. कुळसंघाने आणि देवस्थानाने मिळून दिले.

मे महिन्याची बैठक झाली. तिथे आम्हाला जागा नव्हती. इतिवृत्त येईपर्यंतचे दिवस कठीण गेले. मी रोज संकेतस्थळ उघडून बघत होते. जूनमध्ये ते आलं आणि त्यात आमच्या ठरावाचा उल्लेख होता. समितीने निचऱ्याची जादा माहिती मागवली होती आणि पावसाळ्यात जागेवर पाहणी करायचं ठरवलं होतं. मी ते पान छापून स्टाफरूममध्ये पुन्हा पुन्हा वाचलं.

पाहणी ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात झाली. पंचायतीतर्फे दोघांना आत येऊ देतील असं कळवलं गेलं: एक पंच आणि मी. आधार कार्डाच्या प्रती दहा दिवस आधी द्याव्या लागल्या. फाटकावर फोन, घड्याळ, पेनड्राइव्ह सगळं जमा. वही न्यायची परवानगी मिळाली, पण बाहेर पडताना पानं तपासली. सोबत एक जवान पूर्ण वेळ. मनात धाकधूक होती, पण वागणूक अतिशय सभ्य होती. अशा भेटीला जाणाऱ्यांनी रेनकोट, घट्ट बूट आणि आधीच पाठ केलेले प्रश्न न्यावेत. कागद चाळायला वेळ मिळत नाही.

आत पाऊल टाकलं आणि मी थक्क झाले. बाहेरचा सडा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चिऱ्यांच्या खाणींनी खरवडला गेला आहे, उरलेला प्लॉटांत गेला. आत मात्र साठ वर्षांत कोणी खाण काढली नव्हती, कचरा टाकला नव्हता. गुडघ्याएवढं गवत, त्यात पिवळा कवला, आणि पाणी साचलेल्या प्रत्येक खोलगट जागेभोवती सीतेच्या आसवांची जांभळी कड. इतकी गच्च की पाय कुठे ठेवावा कळेना. समितीतल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापक बाई वाकून बसल्या त्या उठेचनात. भिंग काढून एकेक रोप बघत त्या नावं सांगत होत्या आणि त्यांचा विद्यार्थी लिहून घेत होता. आमचा सडा टिकला तो या कुंपणामुळे, हे मी तिथेच मोठ्याने म्हणाले, आणि पुढे लेखी निवेदनातही घातलं. ते खरं होतं म्हणून.

एमईएसचे, म्हणजे लष्कराच्या बांधकाम सेवेचे, अभियंते नकाशा घेऊन आले होते. त्यांना मी तिसऱ्या बाणाबद्दल विचारलं. ते आम्हाला कुंपणाच्या कडेला घेऊन गेले. पाऊस चालूच होता. नियोजित गटाराच्या जागी कातळाच्या भेगेतून पाणी आत जाताना दिसत होतं, गुळगुळ आवाज येत होता. "हे पाणी जातं कुठे?" त्यांनी विचारलं. पंचांनी खाली बोट दाखवलं. तिथून आमच्या कुळागरातली माडांची शेंडी दिसत होती. अभियंत्यांनी नकाशावर पेन्सिलीने गोल केला. ते म्हणाले, "मॅडम, माती परीक्षणात आम्ही कातळाची ताकद मोजली. हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं."

त्यानंतर लांबलचक वाट. सुधारित आराखडा आला नोव्हेंबरमध्ये. दोन इमारती खोलगट भागातून सरकवल्या होत्या, पाणी थोपवून मुरवायची दोन तळी दाखवली होती, आमच्या नाल्याकडचे बाण तीनावरून एकावर आले होते, आणि वनस्पतींची पावसाळी यादी जोडली होती. एक रस्ता मात्र होता तिथेच राहिला. त्याखाली सड्याचा सुंदर तुकडा जाणार आहे. त्याविषयी पुन्हा लिहिलं, उपयोग झाला नाही.

दाखला फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला गेला. दाखला मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. एक प्रत पंचायतीलाही यायला हवी. जाहिरातीची तारीख जपून ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला तीस दिवस असतात, आणि पुरेसं कारण दाखवता आलं तर आणखी साठ. गोवा पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठाखाली येतो. भरपाईची मागणी नसेल तर शुल्क १,००० रुपये, पण वकील आणि प्रवास यांचा खर्च त्याच्या कित्येक पट. आम्ही एका वकिलांना अटी दाखवल्या, घरी येऊन बैठक घेतली आणि अपील करायचं नाही असं ठरवलं. रस्त्याच्या तुकड्यासाठी करायला हवं होतं असं म्हणणारे गावात आजही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही.

दाखला मिळाला की सगळे पांगतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. प्रकल्पधारकाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. तो मागा. दाखल्यातल्या अटी क्रमांकाने लिहून एका कागदावर चिकटवा आणि अहवालातलं उत्तर त्यापुढे लिहा. 'पालन करण्यात येईल' असं भविष्यकाळातलं उत्तर दिसलं की त्या अटीवर खूण करा. आमच्या पहिल्या अहवालात गाळ अडवायच्या खड्ड्यांपुढे असंच उत्तर होतं, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाल्याचं पाणी चहासारखं लाल झालं. आम्ही बाटलीत नमुना घेतला, तारखेची चिठ्ठी लावली, फोटोसह प्राधिकरणाला आणि तळालाही पत्र दिलं. या वेळी उत्तर दहा दिवसांत आलं. खड्डे खणले गेले, भर पावसात.

विहिरींची वही चालू आहे. नववीची ती मुलं वरच्या वर्गांत गेली, वही पुढच्या मुलांकडे दिली. मुरवण तळ्यांचा झरीवर काय परिणाम होतो हे कळायला दोन-तीन उन्हाळे जातील. रात्रीच्या जनरेटरच्या आवाजाबद्दलची आमची मागणी दाखल्यात 'मानकांचे पालन करावे' एवढ्या शब्दांत आली आहे, मोजणी कुठे आणि कोण करणार हे त्यात नाही. त्यासाठीचं पत्र तयार आहे. १ डिसेंबरचा अहवाल हातात आला की त्याच्यासोबत जाईल.